खिंडीतल्या फेऱ्या

माझ्या गाडीचं मागचं चाक भावोजींच्या रबरी नळीवर चढून बसलं, त्या सकाळी सरकारी यंत्राच्या मते आमच्या कॉलनीतला एकही माणूस घराबाहेर पडला नाही. शाळेची बस वळली नाही, दूधवाला आला नाही, दातांचे डॉक्टर दवाखान्यात गेले नाहीत. सगळी कॉलनी जणू अंथरुणात पडून होती.

आता ती नळी मला दिसली नव्हती असं नाही. दिसली होती. फाटकासमोरच्या रस्त्यावर दोन काळ्या नळ्या आडव्या पडल्या होत्या, थोडं अंतर सोडून. मला वाटलं, बागेला पाणी घालणारा माळी विसरून गेला. तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष दिसले. त्यांना नुसता नमस्कार केला तरी पाण्याच्या टाकीचा इतिहास ऐकावा लागतो. गाडी कडेला लावली, उतरलो आणि इतिहास संपला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नळीच्या एका टोकाला बूच असतं आणि दुसरं टोक एका लोखंडी पेटीत जातं. चाक दोन्ही नळ्यांवरून गेलं की आतली हवा फुस्स करून पेटीत शिरते आणि पेटी एक आकडा पुढे सरकते. माझं चाक नेमकं पेटीजवळ बसलं होतं. सकाळभर बिचारी हवा माझ्या टायरपर्यंत येत होती आणि परत जात होती.

भावोजी आले ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, हेच तर वाईट. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"तुझी?"

"हो, भावोजी. म्हणजे..."

"मुद्दाम लावलीस?"

"छे हो! जागा होती म्हणून लावली."

"जागा रोज असते. आजच का?"

मी अध्यक्षांकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी लगेच मागे वळून आपल्या मागे कोण आहे ते पाहिलं. भावोजींनी खिशातून मोजपट्टी काढली, उकिडवे बसले आणि माझ्या गाडीच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोजलं. दोनदा. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने.

"हे कशाला?"

"माहीत नाही अजून," ते म्हणाले. "मोजून ठेवतो."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रस्ते आणि वाहतूक यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत नोकरीला आहेत. गाड्या का चालतात हे गॅरेजवाल्याला कळतं. चालता चालता त्या का थांबतात, हे शोधणं भावोजींचं काम. अपघात नाही, सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी हायवेवर मैलभर रांग लागते, ती कशामुळे? भावोजी सांगतात, पुढे कुठेतरी एका माणसाने उगाच ब्रेकला पाय लावलेला असतो. मागचा जरा जास्त लावतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, असं करत करत पार मागे कुणीतरी गाडी बंद करून सरकारला शिव्या देत बसतो. तोपर्यंत पहिला माणूस घरी पोचून चहा पीत असतो. त्याला आपण काय केलं याचा पत्ताही नसतो. त्या पहिल्या माणसाच्या शोधात भावोजींच्या डोक्यावरचे केस गेले. तो मीच असावा, असा त्यांचा जुना संशय आहे. मी त्यांना शेजारी बसवून गाडी चालवायला घेतली की ते रस्त्याकडे बघत नाहीत, माझ्या उजव्या पायाकडे बघतात.

संशय हा त्यांचा स्वभाव म्हणावा की धंदा, हे आम्हाला कुणालाच ठरवता आलेलं नाही. त्यांचं एकच तत्त्व आहे: मोजणारा दिसला की माणूस बदलतो. अंगात चमकणारं जाकीट घालून रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की सगळे ड्रायव्हर एकदम सभ्य होतात. म्हणून भावोजींचं आयुष्य झाडामागे, बंद पडलेल्या टेम्पोत आणि गाद्यांच्या दुकानाच्या गच्चीवर गेलं. त्यांना आजवर लोकांनी चोर समजलंय, कर वसुलीवाला समजलंय, एकदा तर एका बाईंनी आपल्या नवऱ्याने ठेवलेला गुप्तहेर समजून त्यांना आपली बाजू ऐकवली. भावोजींनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि शेवटी विचारलं, "यातलं किती खरं?"

डॉक्टरांनी रक्तदाब जास्त आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "तुम्ही समोर बसलात म्हणून वाढला नसेल कशावरून?" ताईने भाजी कशी झालीय विचारलं तर उत्तर देत नाहीत. विचारणारी समोर उभी असताना दिलेलं मत ग्राह्य धरता येत नाही म्हणे. ती आता विचारत नाही. स्वयंपाकघरात जाऊन कढई किती रिकामी झालीय ते बघते. इतक्या वर्षांच्या संसारात तीही थोडी संशोधक झालीय.

त्यांचं लग्नसुद्धा संशयातूनच झालं. तेव्हा ते नवे होते आणि रस्ता ओलांडणारा माणूस दोन गाड्यांमध्ये किती अंतर दिसलं की पाऊल टाकतो, हे मोजत होते. सगळ्या शहराचे ठिपके आलेखावर एका जागी दाटीवाटीने बसले होते. एकच ठिपका लांब, एकटा. एक मुलगी रोज कॉलेजातून येताना इतकी थांबायची की तेवढ्या वेळात हत्ती पलीकडे गेला असता. आकडा चुकला असणार, असं समजून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग ताईच रस्ता न ओलांडता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय बघताय रोज?"

"तुम्ही ओलांडत का नाही?"

"तुम्ही बघत असता म्हणून!"

म्हणजे तो ठिपका त्यांच्यामुळेच लांब गेला होता. हे कळल्यावर भावोजींचा चेहरा इतका पडला की ताईला दया आली, आणि पुढचं सगळं त्या दयेतून झालं. आमच्या वडिलांनी त्यांचं नाव तेव्हाच शंकासुर ठेवलं, आणि वडील गेल्यावरही घरात ते नाव राहिलं.

तर आमची खिंड. आमची कॉलनी हायवेच्या अलीकडे, ताईचं घर पलीकडे. मध्ये सिमेंटचा दुभाजक. आमच्या फाटकासमोर त्या दुभाजकात एक मोकळी जागा सोडलेली आहे, गाड्यांना वळायला. तिला आम्ही खिंड म्हणतो, कारण घाईच्या वेळी तिथून गाडी काढणं म्हणजे खिंड लढवणंच असतं. आई माझ्याकडे राहते. वडील गेल्यापासून रोज संध्याकाळी ती त्या खिंडीतून पायी ताईकडे जाते. अर्धा रस्ता ओलांडते, दुभाजकावर हात टेकून उभी राहते, श्वास घेते, मग उरलेला अर्धा. पलीकडच्या गॅलरीत ताई उभी असते. दोघी हात करत नाहीत, काही नाही. एकमेकींना दिसल्या की झालं. पायऱ्यांचा पूल आहे, पण तो लांब, आणि आईच्या गुडघ्यांनी पायऱ्यांशी कधीच काडीमोड घेतलेला.

आणि नळ्या पडल्या त्याच सुमारास बातमी आली की हायवेवरच्या अशा सगळ्या खिंडी तपासून काही बुजवणार आहेत. तपासणी भावोजींच्या संस्थेकडे, आणि संस्थेने ती दिली भावोजींनाच. असं काम त्यांना कितीतरी वर्षं हवं होतं. तरी त्यांनी साहेबांना आधीच सांगून टाकलं, की तिथे माझी सासुरवाडी आहे. साहेब म्हणाले, "तू स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नाहीस. मग मी तुझ्यावर ठेवायला हरकत नाही."

इकडे कॉलनीत सभा भरली. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

"तुमचे भावोजी काय म्हणतायत?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही म्हणत नाहीत."

"म्हणजे बुजवणार!"

"किंवा ठेवणार, आणि सांगणार नाहीत," दातांचे डॉक्टर म्हणाले. "दुखत नाही म्हणणारा पेशंट मी ओळखतो. आणि हेही काहीतरी दडवतायत." हे बोलताना ते माझ्या तोंडात बघत होते.

मी ताईला गाठलं. ताईने त्यांना विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे आता आमच्या कॉलनीला भावोजींचा संशय, कॉलनीतल्या निम्म्या लोकांना माझा संशय, आणि मला ताईचा, की हिला माहीत असून ही सांगत नाही. आई तेवढी कुणावर संशय घेत नव्हती. ती फक्त म्हणाली, "बुजवली तर मी जायची कशी रे?" आणि मी उत्तर द्यायच्या आत चष्मा पुसायला लागली.

त्या एका वाक्याने माझं डोकं चाललं. माझं डोकं चाललं की घरच्यांनी सावध व्हायला हवं, पण पुढच्या सभेत कुणी घरचं नव्हतं. मी म्हटलं, पेटी गाड्या मोजते. ज्या दुकानात गिऱ्हाईक जास्त, ते दुकान कोण बंद करेल? खिंडीतून गाड्या जास्त वळलेल्या दिसल्या पाहिजेत, बस्स. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी मला शेजारी बसायला खुर्ची दिली, जी आजवर फक्त खजिनदाराला मिळायची.

मग आम्ही फेऱ्या मारायला लागलो. पेटी पुन्हा नव्याने लावून भावोजी गेले रे गेले, की आमची मोहीम सुरू. फाटकातून निघायचं, नळ्यांवरून जायचं, खिंडीतून वळायचं, पुढच्या चौकातून परत यायचं, पुन्हा फाटक. अध्यक्ष शिस्तीचे. "गर्दी करायची नाही! एक गाडी गेली की थांबायचं, मग दुसरी!" हातात घड्याळ घेऊन ते प्रत्येकाला हात दाखवून सोडायचे. डॉक्टर दवाखान्याचा पांढरा कोट घालूनच गोल गोल फिरायचे. अध्यक्षांच्या सौभाग्यवती स्कूटरवर मागे बसायच्या आणि दर फेरीला चौकातून काहीतरी विकत आणायच्या. दोन दिवसांत त्यांच्या घरात बादल्या ठेवायला जागा उरली नाही. पुढारी मी, म्हणून सर्वांत जास्त फेऱ्या माझ्या. गाडी इतकी तापली की बॉनेटवर हात ठेवता येईना. अभिमानाने माझी छातीही जवळपास तेवढीच तापली होती.

रविवारी ताईकडे जेवायला गेलो. आई आधीच पोचली होती. भावोजी ताटावर बसले, पहिला घास घेतला आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "हल्ली गाडी पेट्रोल जास्त खाते का रे?"

"नाही हो. का?"

"सहज." दुसरा घास. "कॉलनीत सगळ्यांच्या नोकऱ्या बदलल्या का?"

"नाही, का?"

"सहज."

भावोजींचं सहज फार वाईट असतं. मी पाणी प्यायलो. ताई माझ्याकडे बघत होती, आणि लहानपणी माझ्या खिशात काहीतरी आहे हे कळल्यावर बघायची तशीच बघत होती. मी विषय बदलायला आईला विचारलं, "आई, आज लवकर आलीस ना?"

"लवकर कसली बाई," आई म्हणाली. आई रागावली की मलाही बाई म्हणते. "हल्ली त्या खिंडीत काय झालंय कोण जाणे. मधे उभं राहून राहून पाय भरून येतात. गाडी गेली म्हणावं तर दुसरी हजर. ती गेली की तिसरी. आणि त्यातली एक तर याचीच असते! मी हात करते तर हा बघतही नाही. एवढा कुठे जातो रे तू? जातो आणि परत येतो, जातो आणि परत येतो!"

घास माझ्या हातातच राहिला. खरं सांगतो, फेऱ्या मारताना मी एकदाही दुभाजकाकडे पाहिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष नळ्यांवरून नीट जाण्याकडे. आईसाठी खिंड वाचवायला निघालेला मी, आणि आईला त्या खिंडीत अडवून धरणारी गाडी माझीच.

भावोजी हात धुवून आले आणि माझ्यासमोर बसले.

"खऱ्या गाड्या कशा येतात, सांगू? घोळक्याने. चार एकदम, मग कितीतरी वेळ कुणी नाही, मग तीन. कारण कुणाचं दूध उतू जातं, कुणाचा मुलगा बूट शोधत बसतो. तुमच्या गाड्या कशा येत होत्या? शाळेतल्या रांगेसारख्या. इतकी शिस्त फक्त खोटेपणात असते."

"योगायोग असेल," मी म्हटलं.

"दोन नळ्या का असतात? एकीवरून दुसरीवर चाक जायला किती वेळ लागला, त्यावरून वेग कळतो. वेग कळला की पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर कळतं. एकच अंतर सकाळ-संध्याकाळ सारखं सारखं येत होतं." त्यांनी खिशातून मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. "ते माझ्याकडे मोजलेलं होतं."

ताई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती, याचा मला आजही संशय आहे.

"भावोजी, आईसाठी केलं हो," मी शेवटी म्हणालो. "जास्त गाड्या दिसल्या तर खिंड राहील, म्हणून."

भावोजींनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ते फक्त पाटीवरच्या उलट्या लागलेल्या बाणाकडे बघतात.

"ज्या खिंडीत जास्त गाड्या वळतात ती आधी बुजवतात," ते म्हणाले. "जास्त गाड्या म्हणजे जास्त टकरा. पहिल्या दिवशी पेटीत शून्य आलं, तेव्हा मला वाटलं तुला नियम कळलाय. मी तुझी हुशारी उगाच जास्त धरली."

आईला सगळं समजलं नाही, पण खिंड जाणार एवढं समजलं. जेवण झाल्यावर नेहमी लगेच निघणारी आई, त्या दिवशी गॅलरीत ताईच्या खुर्चीत बराच वेळ बसून हायवे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी भावोजी साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, हे आकडे टाकून द्या, आणि मलाही या कामातून काढा. साहेब म्हणाले, आकडे टाकतो, पण तू कशाला? तुझा काय दोष? भावोजी म्हणाले, "सासुरवाडीच्या कानात मीच काहीतरी सांगितलं, असं उद्या कुणी म्हणालं तर? मी ऐकणारा असतो तर मला तेच वाटलं असतं." हे ताईने मला सांगितलं. घरी येऊन ते नेहमीसारखे जेवले, पण त्या रात्री कढईत भाजी तशीच राहिली, हेही तिनेच सांगितलं. मी त्यांना फोन केला, तर म्हणाले, "आवाज का बदललाय तुझा?" आणि ठेवून दिला.

त्यांच्या जागी त्यांच्या हाताखालच्या एक इंजिनिअर बाई आल्या. म्हणजे आल्या असाव्यात. आम्हाला कधी दिसल्याच नाहीत. नळ्या गेल्या, पेटी गेली. कुठेतरी कॅमेरा लावलाय एवढीच कुणकुण. मग काय विचारता! अध्यक्ष विजेच्या खांबाला नमस्कार करून जायला लागले. डॉक्टरांना चौकातल्या फुलवालीचा संशय यायला लागला, कारण तिची फुलं रोज ताजी असायची. समोरच्या झाडावर कावळ्याचं घरटं होतं. त्याच्याखालून जाताना मी केस नीट करायचो. पण फेरी मारायची कुणाची छाती झाली नाही. कामाला जायचं तो कामाला गेला, बाजारात जायचं तो बाजारात, आणि दूध उतू गेलं की आम्ही सगळे उशिरा घोळक्याने निघालो. आई संध्याकाळी निघायची तेव्हा मी फाटकात उभा राहायचो. गाडी घरात, चावी बायकोच्या पर्समध्ये. बायकोने ती स्वतःहून मागून घेतली होती. कारण विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं.

निकाल लागला: खिंड राहिली. मोठ्या ट्रकना वळायची बंदी झाली, आणि दुभाजकाच्या मधोमध पायी चालणाऱ्यांसाठी एक उंच ओटा बांधला, धरायला कठडा. त्या बाईंनी काम हाती घेताना भावोजींना विचारलं होतं म्हणे, काही सांगायचंय का? आकडे तर सांगायचे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "पेटी पायी चालणाऱ्यांना मोजत नाही. तुम्ही मोजा."

ओटा झाला त्या संध्याकाळी आई त्यावर उभी राहिली. कठडा धरला, हलवून पाहिला. जावयाची सवय लागलीय तिला. मग पलीकडे ताईकडे बघून, कधी नव्हे ते, हात केला. मी आणि भावोजी फाटकाजवळ उभे होतो. भावोजी आईकडे बघत नव्हते. आई ओट्यावर उभी असताना गाड्यांचे वेग कमी होतात का, ते बघत होते. निदान तसं दाखवत तरी होते. त्यांच्याबद्दल आता मलाही संशय यायला लागलाय.

मी धीर करून म्हटलं, "भावोजी, एक विचारू? कमी गाड्या दिसलेल्या बऱ्या, एवढंच जर तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या कानात सांगितलं असतंत, तर हे सगळं टळलं असतं. तुमचं कामही राहिलं असतं."

त्यांनी हायवेवरची नजर काढली नाही.

"तर आठवडाभर तुमच्यातला एकही जण घराबाहेर पडला नसता."